‘खालची पायरी’ सलग बघायची म्हणजे

हॉररवाल्यांकडे किस्से साठतात कसे, ते आधी सांगतो. सिनेमा लावावा, भूत दारापर्यंत यावं, हिरॉईनने कडीला हात घालावा, आणि नेमकं तेव्हाच आपलं दार कोणीतरी वाजवावं. बाहेर भूत नसतं. बाहेर कोणाची तरी आत्या असते आणि तिला मिक्सर हवा असतो! असं दहादा झालं की दहा किस्से जमतात. सिनेमा मात्र एकही बघून होत नाही.

पोरं मला विचारतात, "सुम्या, सलग बघण्यासारख्या हॉरर सिरीज सांग ना." घ्या. तिन्ही परदेशी, तिन्ही हिंदीत डब केलेल्या. ‘दुधवाला’, तीन भाग. ‘मागची सीट’, चार भाग. आणि सगळ्यांची आई म्हणजे ‘खालची पायरी’, सात भाग. एक घर, एक तळघर, तळघरात उतरणारा लाकडी जिना. प्रत्येक भागात त्या जिन्याला एक पायरी वाढते. ती कुठे वाढली हे ज्याला कळत नाही, तो मरतो. ही सिरीज आठवड्याला एक भाग अशी बघणाऱ्याने बघूच नये. मधे गॅप पडली की पायऱ्यांचा हिशेब विसरतो, आणि मग उरते फक्त घामाघूम झालेली बाई आणि लाकडाची कुरकुर.

पण सलग! आमच्या महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात सलग काय मिळतं हो? लाइट सलग नाही. नेट सलग नाही. रस्ता सलग नाही. माझं शिक्षणही सलग नाही, इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं. का सोडलं, हा किस्सा नाही. वाडीतल्या म्हाताऱ्यांना मात्र तो सगळ्यात आवडता किस्सा वाटतो. माझं नाव सुमेध, पण ते मला ‘अर्धवट’ म्हणतात. तोंडावर!

आमची गँग तिघांची. मी. दुसरा मंग्या, मूळचा कुडपणचा, पोलादपूरला हायवेवर टायरचं दुकान सांभाळतो आणि जगातल्या प्रत्येक भुतावर त्याचा विश्वास आहे. तिसरी प्रज्ञा, आमच्याच वाडीतली, नर्सिंग करते. तिने खरी मढी बघितलीत, त्यामुळे सिनेमातल्या मढ्यांच्या ती चुका काढते. भंगारात निघालेला एक प्रोजेक्टर मी दुरुस्त केला आणि वाडीच्या समाजमंदिराचा हॉल रविवारी मागितला. त्या हॉलची चावी पुढे ह्या ‘सलग’ शब्दावरच टांगली गेली: ‘पायरी’चे सातही भाग एका दिवसात पुरे केले तर रविवार आमचा. एक मिनिट जरी कमी पडलं, तर चावीही गेली आणि प्रोजेक्टरही कमिटीकडे जमा.

तिथवर कसे पोचलो, ते ऐका.

*

हॉल मागायला गेलो तेव्हा कमिटी बसली होती. सेक्रेटरी म्हणजे गुरुजी, रिटायर होऊन किती वर्षं झाली तरी समोरच्याला इयत्ता चौथीत समजणारे.

"आपण भूतखेत मानत नाही," गुरुजी म्हणाले. "मग दाखवायचं कशाला?"

मी तापलोच होतो. पण प्रज्ञा पुढे झाली. "गुरुजी, मानत नाही म्हणूनच दाखवायचं. बघून घाबरलं नाही की सिद्धच झालं ना!"

गुरुजींना ‘सिद्ध’ हा शब्द फार आवडतो. हॉल मिळाला. पण अट घातली! प्रत्येक भागानंतर दहा मिनिटं चर्चा करायची आणि रजिस्टरात ठराव लिहायचा. आजही ते रजिस्टर उघडून बघा, गुरुजींच्या अक्षरात आहे: ‘सदर सिनेमातील भूत हे काल्पनिक असल्याचे सर्वानुमते मान्य करण्यात आले.’

‘दुधवाला’च्या पहिल्या भागाला असा ठराव झाला. दुसऱ्या भागानंतर गुरुजींनी विचारलं, "सर्वानुमते?"

मागून मंग्याचा हात वर. "माझा विरोध लिवा गुरुजी. पयल्यातलं खोटं होतं. ह्यातलं मला खरं वाटलं."

"अरे, ते भूत आहे! खरं कसं असेल?"

"म्हंजे तुमी पण भूत हायच म्हनताय की!"

दहा मिनिटांची चर्चा पन्नास मिनिटं चालली. तिसरा भाग त्या दिवशी राहिलाच.

*

‘दुधवाला’ची सगळी गंमत शेवटात आहे. दूध घालणारा तो माणूस नक्की कोण, हे तिसऱ्या भागाच्या शेवटच्या वीस मिनिटांत कळतं. शिमग्याला मंग्याचा काका मुंबईहून आला होता, कुठल्याशा टॉवरला वॉचमन आहे. मंग्या त्याला घेऊन आला. मी पहिला भाग लावला. दुधवाला सायकलवरून उतरला, आणि काका अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं बोलला:

"अरे, ये तो मेलेला हाय!"

मी सिनेमा थांबवला. "काका, प्लीज."

"नाय नाय, मी कुछ नाय बोलनार. तू चालू कर." पाच मिनिटं गेली. "ती निळ्या साडीवाली... मंजे ती फ्रॉकवाली. तिच्यावर ध्यान ठेव. बस, इतनाच."

तिसऱ्या वेळी मी उभाच राहिलो. वय बघितलं नाही, काही नाही. "काका, तुम्ही हा बघितलाय ना? मग परत कशाला आलात, दुसऱ्यांची वाट लावायला?"

काका जरा ओशाळला. म्हणाला, "अरे बाबा, माझी ड्यूटी संपते, रूमवर येतो, तवर बाकीच्या पोरांचा पिक्चर लागलेला असतो. मला लास्टचीच वीस मिनिटं भेटतात. सगळ्या पिक्चरची. कोन मेला, कोनी मारला, सब मालूम. पन कायला मारला, ते नाय मालूम." मग खुर्ची पुढे ओढून बसला. "सुरुवात बघायला आलोय मी. पयल्यांदा."

त्या दिवशी तिन्ही भाग झाले. काका तोंडात रुमाल घालून बसला होता!

*

‘मागची सीट’. एका टॅक्सीच्या मागच्या सीटवर एक म्हातारी असते. आरशात दिसते. तिच्याशी बोललात की संपलात. चार भागांत एवढंच आहे, पण काय आहे! ही सिरीज बघायची असेल तर बघा, फक्त दुसऱ्या दिवशी गाडी चालवू नका.

आम्ही चालवली. मंग्याच्या मित्राची वडापची, सीटवर भाडं मारणारी जीप महाबळेश्वरला गॅरेजमध्ये पोचवायची होती. सकाळची वेळ, श्रावण, आंबेनळी घाटात असं धुकं की बोनेट दिसत नव्हतं. मंग्या गाडी चालवत होता, मी शेजारी. आदल्या दिवशीच चारही भाग झाले होते, त्यामुळे दोघेही आरशात बघत नव्हतो.

आणि मागून आवाज आला, "कुडपनचा फाटा गेला काय रं?"

मंग्याचे हात स्टिअरिंगला चिकटले. मी हळूच आरशात बघितलं. मागच्या सीटवर म्हातारी!

"काय रं? इचारत्येय ना मी? फाटा गेला काय?"

आम्ही दोघे गप्प. बोललं की संपलं, हे चार भाग बघून पाठ झालेलं.

"बहिरी हाय काय दोघं बी? ए पोरा!" तिने मंग्याच्या डोक्यात काठीचं टोक मारलं. मंग्या रडवेला होऊन गाडी मारतच राहिला. वळण, वळण, वळण. म्हातारी शिव्या देते आहे, मंग्याच्या सात पिढ्या, माझ्या सात पिढ्या. आम्ही ओठ दाबून सरळ महाबळेश्वर!

उजेडात, गर्दीत, गॅरेजवाल्याने मागचं दार उघडलं आणि म्हणाला, "आजी, उतरा." तेव्हा आमचा जीव भांड्यात पडला. पोलादपूरला जीप उभी होती तेव्हा ती नेहमीची वडाप समजून चढली होती आणि गोणपाट पांघरून झोपली होती.

आम्ही माफी मागणार, तेवढ्यात ती इकडेतिकडे बघून म्हणाली, "म्हंजे ह्या महाबळेश्वर व्हय! जल्म गेला खाली, येवाची कदी येळच नाय आली." मग मंग्याकडे वळून विचारते, "परत कवा यायाचा?"

*

गुरुजींचा एक किस्सा सांगायलाच हवा. हा माणूस आम्हाला धीटपणावर लेक्चर द्यायचा. "मी आयुष्यात कधी घाबरलो नाही," वगैरे. खरंच, पहिल्या रांगेत बसायचे, आणि हॉल किंचाळायचा तेव्हा गुरुजी मख्ख! मला तर शंका यायला लागली की माणूस जिवंत आहे की नाही.

एक दिवस प्रज्ञाने मला कोपर मारलं. "बघ, बघ." पडद्यावर म्युझिक चढायला लागलं. गुरुजींचा हात हळूच वर गेला. चष्मा निघाला. भूत आलं, हॉल ओरडला, भूत गेलं. चष्मा परत नाकावर!

चर्चेच्या वेळी मी सोडलं नाही. "गुरुजी, चष्मा का काढता?"

दुसरा कोणी असता तर खजील झाला असता. गुरुजी उठून उभे राहिले.

"मला मायनस सहा नंबर आहे. चष्मा काढला की भूत, नायिका आणि खुर्ची मला एकसारखीच दिसतात," ते म्हणाले. "ह्याला समता म्हणतात. लिहून घे!"

*

‘पायरी’चे पहिले दोन भाग झाले तेव्हा मंग्याच्या डोक्यात मोजणीचं खूळ शिरलं. सिनेमात जो पायऱ्या मोजत उतरतो, त्याला एक पायरी जास्त लागते. हा म्हणतो, "आपन रायगडाच्या मोजू. एवड्या पायऱ्या, आनि एक बी भूत नाय आपल्याकडं! ह्यांच्याकडं धा पायऱ्या, तर सात भाग!"

पाचाडला गाडी लावली आणि निघालो. हा प्रत्येक टप्प्याचा आकडा मोबाइलमध्ये लिहीत चढला. उतरताना उलटा मोजत उतरला. शेवटच्या टप्प्यात पायऱ्यांच्या कडेला एक ताकवाली बाई बसते, तिच्यापाशी आलो आणि मंग्या पांढराफटक.

"सुम्या. एक जास्त भरली."

"चुकला असशील."

"नाय रे! हा टप्पा मी चढताना दोनदा मोजलाय!" त्याच्या कपाळावर घाम. "आता माझं काय खरं नाय."

मला हसू येत होतं आणि खरं सांगतो, थोडी भीतीही वाटत होती. ताकवाली आमच्याकडे बघत होती. "काय झाला पोरांनू?"

मंग्याने सगळं सांगितलं. पायरी, तळघर, बाई, मरण. तिने शांतपणे ऐकलं, मडक्यातून दोन ग्लास भरले आणि पायाखालचा चौकोनी दगड दाखवला.

"ही धरलीस काय? ही माझी हाय. मडकं कलंडतं म्हनून मघाशी लावलीय."

*

‘पायरी’ सलग बघायचा पहिला प्रयत्न तिसऱ्या भागात मेला, कारण कोणाच्या तरी बारशाला हॉल लागला. बाळ जन्मून तीन महिने झाले होते, पण नाव त्याच रविवारी ठेवायचं होतं!

दुसरा प्रयत्न ह्याहून भारी. माझा पेनड्राइव्ह बिघडला, म्हणून महाडच्या एका फोटोग्राफर मित्राकडून त्याचा पेनड्राइव्ह आणला आणि सातही भाग त्यात टाकले. चौथा भाग संपला. वाडीतल्या बायकाही त्या दिवशी आल्या होत्या, तांदूळ निवडत बसल्या होत्या. पाचवा भाग आपोआप सुरू झाला. मी मागे डबा खात होतो.

पडद्यावर एक लग्न सुरू झालं. परदेशी सिनेमात मराठी लग्न! पण चार भाग बघून लोकांची डोकी अशी झाली होती की कोणाला काही वाटलंच नाही. सगळ्यांना वाटलं, आता पायरीचं भूत इंडियात आलं. नवरदेव स्टेजच्या पायऱ्या चढला, तर हॉल श्वास रोखून पायऱ्या मोजतोय! एका म्हाताऱ्या बाईचा क्लोजअप आला. ती नवरीकडे बघत होती. बघतच होती. कॅमेरा हलत नव्हता.

"हीच," कोणीतरी कुजबुजलं. "ही मारनार तिला."

तब्बल पंचवीस मिनिटं. मंग्या तर खुर्चीवर पाय घेऊन बसला होता. त्या बाईने नवरीला घास भरवला, तेव्हा दोन पोरी किंचाळल्या!

आणि तांदळाचं सूप बाजूला ठेवून एक बाई उभी राहिली. "अगो, ही माजी नणंद हाय!"

फोटोग्राफरचं लग्नाचं शूटिंग त्या पेनड्राइव्हात तसंच राहिलं होतं. मग तीच म्हणाली, "पन तुमी वळाखलात ती बरोबरच वळाखलात."

*

एवढ्या सगळ्यानंतर कमिटीची मीटिंग लागली. आरोप: पोरं हॉल अडवतात, बायकांचं काम खोळंबतं, वाडीत लग्नाच्या व्हिडिओवरून भांडणं लागतात. हा शेवटचा आरोप खरा होता.

कमिटीत माझे पप्पाही आहेत. एसटीत कंडक्टर. मी कॉलेज सोडलं तेव्हापासून, म्हणजे दीड वर्ष, ते माझ्याशी थेट बोलत नाहीत. घरी आईमार्फत बोलतात. "शोभे, त्याला विचार जेवणार का." मी समोर ताट घेऊन बसलेलो असतो! मीटिंगला आई नव्हती, म्हणून त्यांनी अध्यक्षांमार्फत बोलायला सुरुवात केली.

"अध्यक्ष महोदय, त्याला विचारा. आयुष्यात एक तरी गोष्ट त्याने शेवटपर्यंत नेलीय का?"

अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "अध्यक्ष, त्यांना सांगा. बघायला बसू दिलं असतं तर नेली असती."

"अध्यक्ष, त्याला सांगा, बसायला दिलं होतं. कॉलेजात. बाकावर."

अध्यक्षांची मान टेनिस बघणाऱ्यासारखी दुखायला लागली असणार. माझं डोकं सटकलं. मी सगळ्यांसमोर बोलून गेलो, "‘पायरी’चे सातही भाग. एका दिवसात. ह्याच हॉलमध्ये. सलग. झाले तर रविवार आमचा. नाही झाले तर चावी घ्या, प्रोजेक्टर घ्या. लग्नाला लावा नाहीतर पेटवा."

"अर्धवट," मागून कोणीतरी म्हणालं.

"मान्य," गुरुजी म्हणाले आणि रजिस्टर उघडलं.

प्रज्ञाने फक्त एक सवलत मिळवली: चर्चा सातही भागांची मिळून शेवटी. बाहेर पडल्यावर ती मला म्हणाली, "सुम्या, हे हॉलचं चाललंय की तुझ्या घरचं?" उत्तर तिला माहीत होतं.

*

आणि आता त्या रविवारचं.

नोव्हेंबर होता. सकाळी सातला खिडक्यांवर निळी ताडपत्री ठोकली आणि पहिला भाग लावला. गुरुजी दाराशी खुर्ची टाकून, हातात घड्याळ. मंग्या दुकान बंद ठेवून आला होता. प्रज्ञा दाराबाहेर उभी राहून मिक्सर मागणाऱ्या आत्यांना परत पाठवत होती.

सुरुवातीला पंधरा माणसं. तिसऱ्या भागाला (हा भाग टुकार आहे, पण वगळू नका, ह्यातच अकरावी पायरी वाढते) चाळीस. जेवणं हॉलमध्येच झाली. पाचव्या भागापासून जे सुरू झालं, ते मी जन्मात विसरणार नाही. ती बाई जिन्यावर पाय ठेवायची आणि अख्खा हॉल एका आवाजात मोजायचा. "सात! आठ! नऊ!" मला तोंडावर अर्धवट म्हणणारी म्हातारी माणसं, पुढे सरकून, मुठी आवळून, "धा! अकरा!" सिनेमा असा बघायचा असतो हे मलाही त्या दिवशीच कळलं.

सातवा भाग संध्याकाळी पाचच्या सुमारास लागला. बाहेर अंधारलं. बाई तळघरात पोचली. शेवटची पायरी. मागून पावलांचा आवाज. ती वळणार...

लाइट गेला.

हॉल ओरडला, आधी भीतीने, मग संतापाने. मंग्याने वायरमनला फोन लावला. तो म्हणाला, "फीडर उडालाय. आता सकाळीच." हॉलचा इन्व्हर्टर कुठेय? एका हळदीला गेलेला! पेनड्राइव्ह मोबाइलला बसेना. लॅपटॉप कोणाकडे नाही.

"किती राहिलाय?" गुरुजींनी विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. "बारा मिनिटं," मी म्हटलं.

अंधारात गुरुजींचा आवाज आला, "मला वाईट वाटतं रे. पण नियम तूच घातलास." आणि त्यांनी हात पुढे केला. मी खिशातून चावी काढली. ह्या वेळी ‘अर्धवट’ असं कोणी म्हणालं नाही. ते जास्त लागलं.

"थांबा गुरुजी."

मागच्या भिंतीपाशी पप्पा उभे होते. ड्यूटीवरून सरळ आलेले, खाकीत, खांद्याला तिकिटाच्या मशिनची बॅग तशीच. कधी आले कोणाला माहीत नाही.

"मी बघितलाय शेवट. मुक्कामाची गाडी होती तेव्हा, मोबाइलवर. मी सांगतो."

"सांगितलेला कसा चालेल?" गुरुजी म्हणाले.

तर एक बाई शेजारणीचा दंड धरून तडकून म्हणाली, "न चालाया काय झाला? मला हिंदी कुठं कळतंय! मी सकाळधरनं हिच्याकडनंच ऐकत्येय!"

हॉल हसला. गुरुजी हसले नाहीत, पण हात खाली गेला.

पप्पा पुढे आले, पडद्यापुढे उभे राहिले. कोणीतरी मोबाइलचा टॉर्च त्यांच्यावर मारला. गाडीत तिकीट फाडताना काढतात तसा खडा आवाज काढला. "कोणी मधे उठायचं नाही. कोणी मधे बोलायचं नाही."

आणि सांगायला लागले.

"बाईने मागे वळून बघितलं. आतापर्यंतच्या सगळ्या जणी इथं पळाल्या. म्हणून मेल्या. ही पळाली नाही. ही पायरीवर बसली. वरून पावलं येतायत. एक... एक... आणि ते भूत म्हणजे कोण? एक पोरगी. सात-आठ वर्षांची. ती पायऱ्या मोजत उतरतेय. लहानपणी ती अशीच मोजत होती, आणि दर वेळेला घरातलं कोणीतरी वरून हाक मारायचं. हे काय करतेस, ते कर. इकडं ये, तिकडं जा. की मोजणी चुकली. की परत पहिल्यापासून. म्हणून पायऱ्या वाढतात. तिच्या संपतच नाहीत."

टॉर्च धरणाऱ्याने हात बदलला.

"बाईच्या तोंडाशी शब्द आला होता. हाक मारणार होती. पण तिने तोंडावर हात ठेवला. म्हणाली, मोजू दे हिला. आपण मधे बोलायचं नाही." पप्पा थांबले. बॅगेचा पट्टा सारखा केला. "पोरगी उतरली. एक एक. शेवटच्या पायरीवर आली आणि म्हणाली, झाल्या. बस. मग जिना नेहमीएवढाच होता."

मग गुरुजींनी घड्याळ बघितलं.

"बारा मिनिटं झाली," ते म्हणाले. "पूर्ण."

चर्चा कोणी मागितली नाही. चावी माझ्या मुठीत राहिली. पप्पा मात्र गर्दी फुटायच्या आत घरी निघून गेले होते.

सकाळी लाइट आला. मी घरच्या टीव्हीला पेनड्राइव्ह लावला आणि शेवटची बारा मिनिटं बघितली. आई चुलीवर भाकऱ्या करत होती, पप्पा दाराशी बुटाच्या नाड्या बांधत होते.

बाई वळते. किंचाळते. पळते. घराला आग लागते, जिना कोसळतो, बाई खिडकीतून उडी मारते आणि राखेतून एक काळा हात वर येतो. संपलं. पोरगी नाही, मोजणी नाही, पायरीवर कोणी बसत नाही. सात भाग करून असला भिकार शेवट!

मी वळून दाराकडे बघितलं. पप्पांनी टीव्हीवरचा तो हात पूर्ण वर येईपर्यंत बघितला. उठले, बॅग खांद्याला लावली आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले,

"शोभे, त्याला सांग. माझा बरा होता."